पेप्टाइड सीरम लावूनही गाल सैलच का राहिला: म्हापशातलं एक प्रकरण

म्हापशाहून पणजीला रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्या ४९ वर्षांच्या एका सरकारी कर्मचारी बाईंचं हे प्रकरण आहे. त्या कुणी एक व्यक्ती नाहीत. गोव्यात त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आणि फार्मसीच्या काउंटरवर ज्या तक्रारी सर्रास येतात, त्या एकत्र करून हे प्रकरण बांधलं आहे. उत्पादनांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. घटकांची नावं मात्र पूर्ण दिली आहेत, कारण बाटली हातात घेतल्यावर वाचायची असतात ती तीच.

तक्रार अशी होती: पेप्टाइडचं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचं, सीरम सहा आठवडे लावलं, त्वचा घट्ट झाली नाहीच, उलट कपाळावर आणि जबड्याच्या कडेने बारीक, एकसारख्या, खाजणाऱ्या पुळ्या आल्या आणि तोंड धुतलं की चुरचुरायला लागलं. तीस मिलीची बाटली दोन हजारांच्या वरची. "फसवणूकच आहे ही सगळी" असा त्यांचा निष्कर्ष होता आणि बाटलीत अजून निम्म्याहून जास्त सीरम शिल्लक होतं. या शिल्लक सीरमकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

पार्श्वभूमी: गेले दहा महिने पाळी नाही. वर्षभरात चालणं वाढवून सहा किलो वजन उतरवलेलं. मधुमेह नाही, थायरॉइड ठीक. वीस वर्षं त्याच रस्त्याने, त्याच वेळी दुचाकीवर.

रोजचं काय चाललं होतं

सकाळी सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश, त्यावर १५ टक्के एल-ॲस्कॉर्बिक आम्लाचं, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सीचं सीरम, ते सुकायच्या आत पेप्टाइड सीरमचे दोन थेंब आणि शेवटी एसपीएफ १५ लिहिलेला कॉम्पॅक्ट. वेगळं सनस्क्रीन नाही. रात्री खोबरेल तेलाने दहा मिनिटं मसाज आणि तेलावरच पेप्टाइडचे दोन थेंब. आठवड्यातून तीन रात्री १० टक्के ग्लायकोलिक आम्लाचा टोनर. सीरमची बाटली न्हाणीघराच्या खिडकीत, जिथे दुपारी ऊन येतं.

पेप्टाइड सीरमच्या घटकांत चार पेप्टाइडं होती: पाल्मिटॉइल ट्रायपेप्टाइड-१, पाल्मिटॉइल टेट्रापेप्टाइड-७, ॲसिटिल हेक्सापेप्टाइड-८ आणि कॉपर ट्रायपेप्टाइड-१. यादी चांगली आहे. दोष बाटलीच्या आत फारसा नव्हता.

तपासणीत काय दिसलं

पुळ्या साध्या मुरमांसारख्या नव्हत्या. सगळ्या एकाच मापाच्या, काळ्या-पांढऱ्या तोंडाच्या पुटकुळ्या नाहीत, खाज भरपूर. पुळीतलं थोडं खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की अशा वेळी मालासेझिया नावाची बुरशी सापडते. ती प्रत्येकाच्याच त्वचेवर असते. दमट हवा, घाम, हेल्मेटखालची ऊब आणि वर तेल मिळालं की केसांच्या मुळांत ती माजते. तेलातली मध्यम आणि लांब साखळीची स्निग्धाम्लं हे तिचं खाद्य, आणि खोबरेल तेलात त्यातलं लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मं असतं. पुळ्यांचा दोष पेप्टाइडवर आला होता, पण तो तेलाचा आणि हेल्मेटचा होता. पेप्टाइडला जोडलेलं पाल्मिटिक आम्लही स्निग्धाम्लच आहे, म्हणून काही जण त्यालाच धरतात. पण सीरममध्ये ते इतकं नगण्य असतं की त्यावर बुरशी पोसली जाणं शक्य नाही.

चुरचुर ग्लायकोलिक टोनरची. आठवड्यातून तीन वेळा तो, रोज सॅलिसिलिक फेसवॉश आणि रोज आम्लधर्मी व्हिटॅमिन सी, एवढ्या माऱ्यापुढे त्वचेचा वरचा पहारा ढासळतोच.

तिसरी गोष्ट चेहरा खिडकीच्या बाजूने फिरवून आडव्या उजेडात पाहिल्यावर कळली. डाव्या गालावर डाग जास्त, डाव्या डोळ्याच्या कडेच्या रेघा खोल, आणि गालाचा खालचा भाग उजव्याहून जरासा ओघळलेला.

"ताई, गाडीवर ऊन कुठल्या बाजूने लागतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी जाताना डावीकडून."

"आणि संध्याकाळी परत येताना?"

थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "तेव्हाही डावीकडूनच की."

पणजी म्हापशाच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. सकाळी दक्षिणेकडे जाताना पूर्व डाव्या हाताला, संध्याकाळी उत्तरेकडे येताना पश्चिम डाव्या हाताला. वीस वर्षं एकाच गालाने ऊन खाल्लं होतं. सकाळी पावणेनऊचं आणि संध्याकाळी सहाचं ऊन भाजत नाही, म्हणून कुणाला त्याची धास्ती वाटत नाही. भाजतात ते उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण, आणि सूर्य तिरपा असताना ते बरेच कमी होतात. यूव्हीए त्या मानाने कमी घटतात, त्वचेत खोलवर जातात आणि त्वचेला घट्ट धरणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचं खरं नुकसान तिथेच करतात. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची चांगली काच त्यांतले बरेच अडवते, पण उकाड्यात काच वरच असते. घर आणि कचेरी यांच्या दिशा तपासून बघा: मडगावहून पणजीला जाणाऱ्याला हाच हिशेब उलट्या गालावर सापडेल.

पेप्टाइड नेमकं करतं काय

त्वचेच्या मधल्या थराच्या, म्हणजे डर्मिसच्या कोरड्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश कोलॅजेन असतं. त्यातलं ८० ते ८५ टक्के पहिल्या प्रकारचं, उरलेल्यात मुख्यतः तिसऱ्या प्रकारचं. ते विणणाऱ्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. अमिनो आम्लांची लांब साखळी, तिच्यात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन, अशा तीन साखळ्यांचा पीळ: हा कोलॅजेनचा रेणू. पीळ पक्का होण्यासाठी प्रोलिन आणि लायसिन या अमिनो आम्लांवर एक रासायनिक क्रिया व्हावी लागते आणि तिला व्हिटॅमिन सी लागतं. पुढे तंतू एकमेकांना जखडणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला तांबं लागतं. व्हिटॅमिन सी आणि कॉपर पेप्टाइड या दोघांचं नाव कोलॅजेनशी जोडलं जातं, त्याचं मूळ या दोन क्रियांत आहे.

कोलॅजेन तयार होताना साखळीच्या टोकांचे तुकडे कापले जातात, आणि जुनं कोलॅजेन मोडतानाही तुकडे सुटतात. फायब्रोब्लास्ट त्यांतल्या काही तुकड्यांना ओळखतात आणि नवं विणायला लागतात. अशा संदेश देणाऱ्या तुकड्यांना मॅट्रिकाइन म्हणतात. लायसिन-थ्रिओनिन-थ्रिओनिन-लायसिन-सेरिन हा पाच अमिनो आम्लांचा तुकडा पहिल्या प्रकारच्या प्रोकोलॅजेनच्या (कोलॅजेनच्या कच्च्या रूपाच्या) टोकाशी असतो. तो पेशींना कोलॅजेन आणि फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं बनवायला उद्युक्त करतो, हे १९९३ साली प्रयोगशाळेत दिसलं. पाल्मिटिक आम्लाची सोळा कार्बनची शेपटी जोडली की त्याचंच पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड-४ होतं. सिग्नल पेप्टाइडांच्या सगळ्या गटाचा हा म्होरक्या.

शेपटी कशासाठी? नुसतं पेप्टाइड पाण्यात विरघळतं, आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशींमध्ये चरबीची सिमेंटबंद भिंत असते. चरबीशी जुळणारी शेपटी असली की थोडा शिरकाव होतो. पण इथे स्वच्छ बोललं पाहिजे: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू अखंड त्वचेतून सहसा जात नाहीत, असा एक ढोबळ नियम आहे, आणि हे शेपटीवालं पेप्टाइड सुमारे ८०० डाल्टनचं आहे. म्हणजे आत पोचतं ते थोडंच. सुदैवाने संदेश द्यायला थोडंच लागतं. अख्खं कोलॅजेन घातलेल्या क्रीमची मात्र गोष्टच वेगळी. तो रेणू तीन लाख डाल्टनच्या घरातला. तो वरच बसतो, पाणी धरून ठेवतो, त्वचा मऊ लागते, आणि धुतलं की गेला. "कोलॅजेन क्रीम" आणि "पेप्टाइड क्रीम" यांना एकाच रांगेत ठेवणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका.

बाकीच्या जाती थोडक्यात. ॲसिटिल हेक्सापेप्टाइड-८ कोलॅजेनशी संबंधित नाही. स्नायूला आकुंचनाचा निरोप देणाऱ्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाची ती नक्कल आहे आणि कपाळाच्या आठ्यांसाठी विकली जाते. इतकं मोठं पेप्टाइड कातडीवरून स्नायूपर्यंत कितपत पोचत असेल, ही शंका रास्तच आहे. कॉपर ट्रायपेप्टाइड-१ म्हणजे ग्लायसिन-हिस्टिडिन-लायसिन अधिक तांबं. हा तुकडा लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ साली मानवी रक्तद्रवात शोधला. तो लहान आहे, जखम भरण्याशी त्याचा संबंध चांगला अभ्यासला गेला आहे, पण प्रकृतीने नाजूक.

पुरावा किती? सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास २००५ सालचा. ३५ ते ५५ वयाच्या ९३ स्त्रियांनी बारा आठवडे चेहऱ्याच्या एका अर्ध्या भागावर ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड असलेलं क्रीम आणि दुसऱ्या अर्ध्यावर तेच क्रीम पेप्टाइडविना लावलं. बारीक रेघांत फरक दिसला. तो खरा होता, आणि लहान होता. संशोधक सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपनीचेच होते, हेही ध्यानात ठेवावं. याच्या शेजारी ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ठेवा: ९०३ माणसं, साडेचार वर्षं, आणि रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा २४ टक्के कमी. या बाईंच्या पिशवीत पेप्टाइड होतं आणि सनस्क्रीन नव्हतं. प्रकरणाची गाठ इथे आहे.

ऊन त्वचेत शिरलं की एमएमपी-१ नावाचं कोलॅजेन कापणारं एन्झाइम वाढतं आणि त्याच वेळी नवं कोलॅजेन बनवण्याचा वेगही उतरतो. रात्री दोन थेंबांनी विणायचं आणि दिवसा पंचवीसेक किलोमीटरांच्या उन्हात उसवायचं, तर हाती काय लागणार? त्यात पाळी जाण्याचा काळ. इस्ट्रोजेन उतरल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. चाळिशीत ज्या सीरमने "छान दिसतं" असं वाटलं असतं, ते या काळात जागच्या जागी टिकवून धरलं तरी पुष्कळ.

लावण्यातल्या चुका

पहिली, मात्रा. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०४ ते ०.०५ मिलीचा. दिवसाला चार थेंब म्हणजे ०.२ मिलीच्या आत. चेहरा आणि मान यांना एका वेळी ०.४ ते ०.५ मिली, म्हणजे आठ-दहा थेंब लागतात. त्या हिशेबाने तीस मिलीची बाटली महिना-सव्वा महिन्यात संपायला हवी. सहा आठवड्यांनंतर निम्म्याहून जास्त उरली, यातच उत्तर होतं. पैसे वाचवण्यासाठी थेंब मोजणं समजण्यासारखं आहे, पण मग दोन हजार वाया जातात. त्यापेक्षा स्वस्तातलं पुरेसं लावणं बरं.

दुसरी, तेलावर सीरम. पाण्याच्या पायाचं सीरम तेलाच्या थरावर टाकलं की ते त्वचेला भिडतच नाही, वरून घरंगळतं. आधी पातळ आणि पाण्याचं, नंतर जाड आणि स्निग्ध.

तिसरी चूक व्हिटॅमिन सी आणि कॉपर पेप्टाइड एकावर एक लावण्याची. शुद्ध व्हिटॅमिन सीचं सीरम तीन-साडेतीन पीएचचं असतं. एवढ्या आम्लात तांबं पेप्टाइडच्या पकडीतून सुटतं, आणि सुटलेलं तांबं व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडेशन वेगाने घडवतं. दोघांचंही नुकसान. पाल्मिटॉइल पेप्टाइडांना हा धोका बराच कमी आहे, म्हणून "पेप्टाइड आणि व्हिटॅमिन सी कधीच एकत्र नको" हा सरसकट नियम चुकीचा. तो तांब्याच्या पेप्टाइडापुरता पाळावा. कॉपर पेप्टाइडचं द्रावण निळसर असतं. ते हिरवट किंवा तपकिरी झालं की टाकून द्यावं.

चौथी, साठवण. एप्रिल-मेमध्ये गोव्यातल्या बंद न्हाणीघराचं तापमान पस्तिशीला टेकतं. उष्णता, ऊन आणि ड्रॉपर उघडताना आत जाणारी दमट हवा यांनी पेप्टाइडही खराब होतं आणि टिकाऊपणासाठी घातलेले घटकही थकतात. बाटली कपाटात किंवा फ्रिजच्या दारात ठेवावी, फ्रीझरमध्ये नको. ड्रॉपरपेक्षा हवा न शिरणारा पंप चांगला. खोक्यावर उघड्या झाकणाच्या डबीच्या चित्रात ६ एम लिहिलेलं असतं. उघडल्यापासून सहा महिने, असा त्याचा अर्थ.

खोक्यावरचे आकडे

बाईंनी पुढची बाटली "१० टक्के पेप्टाइड" लिहिलेली घ्यायची ठरवली होती. हा आकडा जवळजवळ नेहमी फसवा. कारखान्यात पेप्टाइड शुद्ध भुकटी म्हणून क्वचितच घालतात. ते पाणी, ग्लिसरीन, ग्लायकॉल यांच्या तयार द्रावणातून येतं. त्या द्रावणात पेप्टाइड १०० पीपीएम असेल आणि सीरममध्ये द्रावण १० टक्के असेल, तर पेप्टाइड भरतं १० पीपीएम, म्हणजे ०.००१ टक्का. ते कमी आहे असं नाही, वरच्या अभ्यासात तर ३ पीपीएमच होतं. पण १० टक्के आणि ५ टक्के अशा दोन बाटल्यांत दुप्पट ताकद आहे असं मानून दुप्पट पैसे मोजू नका.

यादीत पेप्टाइड शेवटाकडे दिसलं म्हणूनही नाक मुरडू नये. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले कुठल्याही क्रमाने, अशी पद्धत आहे. पेप्टाइड कायम दुसऱ्या गटातलंच. फेनॉक्सिइथेनॉल या परिरक्षकाच्या आधी आहे की नंतर, यावरून काही सिद्ध होत नाही. पाहायचं ते हे: पेप्टाइडचं पूर्ण नाव दिलंय का, नुसतं "पेप्टाइड कॉम्प्लेक्स" म्हटलंय का, सोबत ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल अशी पाणी धरणारी मंडळी आहेत का, आणि सुगंधी तेलं नाहीत ना.

सोळा आठवड्यांचा आराखडा

सुरुवात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धरली, म्हणजे शेवट मेअखेर, पावसाच्या तोंडावर. मुद्दाम. मार्च ते मे गोव्यात दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या आसपास किंवा वर असतो आणि मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दिवसांत जे टिकेल ते वर्षभर टिकेल.

पहिल्या दिवशी फोटो. तोंड धुऊन अर्धा तास काही न लावता, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, एक मीटरवरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, न हसता. अर्धा तास थांबायचं कारण असं की ओलसर त्वचा फुगते आणि बारीक रेघा तात्पुरत्या बुजतात. सीरमच्या जाहिरातीतला "लगेच फरक" बहुतेक वेळा एवढाच असतो.

पहिले दोन आठवडे सगळी आम्लं, व्हिटॅमिन सी, पेप्टाइड आणि तेल बंद. सौम्य, साबणविरहित क्लीन्झर दोन वेळा. सिरॅमाइड आणि ग्लिसरीनचं हलकं मॉइश्चरायझर. पुळ्यांवर डॉक्टरांनी दिलेलं २ टक्के कीटोकोनाझोल हे बुरशीनाशक. हेल्मेटच्या आतलं कापड सुटं होत असेल तर दर आठवड्याला धुवायचं, तोंडावर बांधायचा सुती रुमाल रोज. खोबरेल केसांना ठेवा, चेहऱ्यावर नको. गोव्याच्या दमट हवेत ते चेहऱ्याला मानवतंच असं नाही.

सनस्क्रीन पहिल्या दिवसापासून: एसपीएफ ५०, पीए चार अधिक (PA++++, यूव्हीए अडवण्याची खूण), घामाला टिकणारं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीच्या दोन रेघा चेहरा-मानेला. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. कार्यालयातून निघताना पुन्हा, डावा गाल आणि मानेची डावी बाजू आधी. डाग जास्त असल्यामुळे आयर्न ऑक्साइडचा रंग असलेलं घेतलं, कारण गव्हाळ-सावळ्या त्वचेवर डाग गडद करण्यात दृश्य प्रकाशाचाही हात असतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो अडवत नाही. कॉम्पॅक्टचा एसपीएफ हिशेबात धरायचाच नाही. खोक्यावरचा आकडा खरा ठरायला जेवढी पावडर लागेल तेवढी कुणी लावत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पेप्टाइड. नवं, तांब्याविना, पंपाचं. आधी कानामागे सात दिवस दोन वेळा लावून पाहिलं. त्यासाठीची बाटली दुसऱ्याच आठवड्यात घेतलेली. मग सकाळ-रात्र, किंचित ओल्या त्वचेवर ०.४ मिली, मानेसह, आणि वर मॉइश्चरायझर.

पाचव्या आठवड्यात पहिली अडचण: सनस्क्रीन लावलं की बोटाखाली रबराच्या चुऱ्यासारख्या गोळ्या सुटायला लागल्या. सीरममधले डिंकासारखे घटक आणि सनस्क्रीनमधलं सिलिकोन यांचं जमलं नाही की असं होतं. आणि गोळ्यांसोबत सनस्क्रीनही उतरतं, म्हणून हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. उपाय म्हणजे सकाळचं सीरम निम्मं, चार-पाच मिनिटं थांबणं, सनस्क्रीन न चोळता थापून पसरवणं. तरी थांबलं नाही तर सकाळचं पेप्टाइड सोडा, सनस्क्रीन सोडू नका.

सातव्या आठवड्यात ०.२ टक्के रेटिनॉल (व्हिटॅमिन एचं एक रूप), आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, कोरड्या त्वचेवर. ओठांचे आणि नाकाचे कोपरे आधी व्हॅसलीनने झाकून. याच सुमारास शिगमो आला, तेव्हा रंगाच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर रेटिनॉल बंद, रंग उतरवायला घासायचं नाही. ज्या रात्री रेटिनॉल, त्या रात्रीही पेप्टाइड चालतं: आधी रेटिनॉल, दहा मिनिटांनी पेप्टाइड, मग मॉइश्चरायझर. कोरडेपणा कमी जाणवतो. गरोदर असलेल्या किंवा तशी शक्यता असलेल्या बायकांनी मात्र रेटिनॉल वगळावं. कोलॅजेनवरचा पुरावा पाहिला तर रेटिनॉइडांचं (रेटिनॉल त्यांतलंच) पारडं पेप्टाइडांहून बरंच जड आहे. ज्यांना रेटिनॉल सोसतच नाही, त्यांच्यासाठी पेप्टाइडचं मोल खरं.

नवव्या आठवड्यात घामाबरोबर सनस्क्रीन डोळ्यांत उतरून झोंबायला लागलं आणि संध्याकाळचं लावणं चुकू लागलं. डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडची कांडी वापरली की हे थांबतं. अकराव्या आठवड्यात व्हिटॅमिन सी परत आलं, १० टक्क्यांचं, फक्त सकाळी. नव्या पेप्टाइडात तांबं नसल्याने दोघांचं वैर नव्हतं, पण सकाळचे थर कमी राहावेत म्हणून पेप्टाइड त्या दिवसापासून फक्त रात्री.

मेअखेर काय हाती लागलं

पुळ्या तिसऱ्या आठवड्यातच बसल्या, चुरचुर चौथ्यात गेली. बाराव्या आठवड्याच्या फोटोत डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेघा आडव्या उजेडात कमी दिसल्या. सोळाव्यात डाव्या गालाचे डाग फिकट, पोत एकसारखा. नाकापासून ओठांपर्यंतची घडी जशीच्या तशी. जबड्याकडचा ओघळही तसाच, आणि तो तसाच राहणार होता: त्यात उतरलेलं सहा किलो वजन, वयानुसार सरकलेली चरबी आणि खालच्या आधाराची झीज आहे. वरून लावलेलं कुठलंही पेप्टाइड तिथे पोचत नाही. तिथे हवंच असेल तर रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा भरणीची इंजेक्शनं (फिलर) यांचा विचार त्वचारोगतज्ज्ञांसोबत करावा.

या सुधारणेतलं पेप्टाइडचं श्रेय किती? डाग फिकट झाले ते सनस्क्रीनमुळे. पोत सुधारला तो आम्लांचा मारा थांबल्याने आणि पुढे रेटिनॉलमुळे. बारीक रेघांत पेप्टाइडचा वाटा असणार, पण वेगळा काढून दाखवता येत नाही. त्वचेतल्या कोलॅजेनचं अर्धआयुष्य सुमारे पंधरा वर्षं आहे, इतका तो सावकाश बदलणारा पदार्थ. सहा आठवड्यांत त्याचा निकाल मागणं म्हणजे पेरल्याच्या तिसऱ्या दिवशी भाताला कणसं शोधणं.

मधल्या काळात बाईंना दोन सल्ले मिळाले होते, त्यांचाही निकाल लावला. एक, घरी सुयांचा रोलर फिरवून त्यावर सीरम. हे करू नका. सीरम निर्जंतुक नसतं, आणि शाबूत त्वचेसाठी बनवलेले घटक छिद्रांतून थेट डर्मिसमध्ये गेले की गाठी येणं, ॲलर्जी होणं असे प्रकार नोंदले गेले आहेत. दुसरा, कोलॅजेन पेप्टाइडची पावडर पिणं. ती वेगळीच वस्तू: पोटात पचून लहान तुकडे होतात, दिवसाला अडीच ते दहा ग्रॅमवर काही छोटे अभ्यास आहेत, ओलावा थोडा सुधारल्याचे. ती गायी-गुरांच्या किंवा माशांच्या कातड्या-खवल्यांपासून बनते, तेव्हा शाकाहारी घरात किंवा श्रावण पाळणाऱ्यांनी डब्यावरचं चिन्ह पाहूनच घ्यावी. रोजच्या जेवणात डाळ, अंडं, बांगडा यांतून पुरेसं प्रथिन जात नसेल तर पावडरीआधी ते सुधारावं.

पावसाळ्यासाठी बदल थोडे: मॉइश्चरायझर जेलचं, रेटिनॉल आठवड्यातून तीन रात्री, रेनकोटच्या टोपीखाली घाम साचून पुळ्या परतल्या तर कीटोकोनाझोल पुन्हा डॉक्टरांना विचारून. सनस्क्रीन चालूच, कारण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग खाली येऊ शकतो. फोटो पुन्हा ऑक्टोबरमध्ये, त्याच खिडकीपाशी. तोवर पेप्टाइडच्या आणखी दोन-तीन बाटल्या लागतील. तो खर्च जड वाटला तर आधी पेप्टाइड थांबवायचं आणि तो पैसा सनस्क्रीनच्या दुसऱ्या वेळच्या थराला लावायचा. बाईंनी तसंच ठरवलं, फक्त मानेपुरतं पेप्टाइड ठेवलं, कारण मानेला रेटिनॉल त्यांना सोसलं नाही.